रेडिओची ओटी

गावोगावी बालवाडी चालवणाऱ्या बायांना आम्ही रेडिओ आणि वर्ग अशा दोन्हीकडून शिकवत असू. सहा दिवस त्यांनी आपापल्या गावी अकराच्या ठोक्याला रेडिओवरचा धडा ऐकायचा, आणि मंगळवारी शहरात, धंतोलीतल्या माझ्या वर्गात तो करून दाखवायचा. ही १९७४ सालची गोष्ट.

खाप्याची बायजाबाई घरी रेडिओला उलट उत्तरं द्यायची म्हणे, पण वर्गात उभी केली की मुकी. शेवटच्या मंगळवारी रेडिओचा धडा सगळ्यांनी वर्गातच ऐकायचा होता, आणि तपासणीला महादेवराव साहेब यायचे होते. त्यांच्यासमोर धडा घेतला नाही, तर खाप्याची बालवाडी तिच्या हातून जाणार होती.

त्या सकाळी बघतो तर वर्गातली सिंधूताई टेबलावरच्या रेडिओला कुंकू लावतेय!

"हे काय वं?"

"गुरुजी, आतल्या ताईनं तीन महिने शिकवलं. आज तिचा शेवटचा धडा. तिले बिनओटीची कशी पाठवाव?"

"रेडिओले पदर नाही," बायजाबाई म्हणाली, "म्हणून मागच्या भोकांतून भरली. पाच मुठी तांदूळ."

मी बटण फिरवलं. रेडिओ खरखरला आणि गप्प झाला. तेवढ्यात दारात जीप थांबली.

"सारे धडे पाठ आहेत मले," म्हणत बायजाबाई टेबलाखाली शिरली. सिंधूताईने वरचं कापड जमिनीपर्यंत ओढलं.

साहेब बसले. अकरा वाजले.

"नमस्कार, मैत्रिणींनो! आज बेडकाच्या उड्या."

काय तो गोड, शुद्ध आवाज! बारा बाया पदर खोचून उडू लागल्या.

"वर्गातल्या गुरुजींनीही उड्या माराव्यात."

साठाव्या वर्षी मीही उडालो. साहेब डोळे पुसत हसत होते.

"धडा झकास! पण गुरुजी, रेडिओची एकच अडचण. त्याला काही विचारता येत नाही."

"विचारा नं जी," रेडिओ म्हणाला.

साहेबांनी कापड उचललं. खाली बायजाबाई हात जोडून बसलेली.

"बरं," साहेब ओणवे होऊन म्हणाले, "एखादं पोर हटून बसलं, उडीच मारत नाही. मग?"

बायजाबाई बाहेर आली. सगळ्यांकडे पाहिलं, पदर खोचला आणि रडवेलं तोंड केलं.

"साहेब, मले उडी येतच नाही. तुम्ही शिकवा नं!"

"अगं, सोपं आहे. असं बसायचं, आणि..."

साहेब उडाले. एक, दोन, तीन! तिसऱ्या उडीला फळ्यांची जमीन हादरली, तांदूळ खळकन सरकले आणि रेडिओ बोलू लागला, "...तर मैत्रिणींनो, आता वर्ग तुमचा."

साहेबांनी बसल्या जागी, धापा टाकत, बायजाबाईच्या कागदावर सही करायला माझ्याकडे पेन मागितला.