माल्टाला कावळा नाही

पाडव्याच्या आदल्या दिवशी माल्टाहून परतलेली नीता सिंगापुरातल्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये शिरली, तर सासऱ्यांनी, कमलाकररावांनी, प्रवास कसा झाला हेसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "कावळा शिवला का?"

"बाबा, चहा तरी पिऊ द्या," म्हणत नीता स्वयंपाकघरात सटकली.

आता ही कावळ्याची भानगड सांगायलाच हवी. कमलाकररावांचे आजोबा, रावजी, पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर खेचरं हाकायला गेले, जखमी झाले आणि माल्टा बेटावरच्या इस्पितळात वारले. घरी तान्हं पोर. आजी मोठी खमकी. "देह पाहिला नाही, तर श्राद्ध कसलं? येतील ते जेवायला," म्हणाली. तेव्हापासून दर सणाला रावजींचं पान पहिलं वाढायचं, आणि घरच्या कर्त्याने उपाशी थांबून, सगळ्यांची जेवणं झाली की ते गार पान खायचं. आजी गेली, वडील गेले, पुणं सुटून सिंगापूर आलं. पान काही सुटलं नाही. कर्ते झाल्यापासून कमलाकररावांनी सणाला ना गरम पुरणपोळी खाल्ली, ना ते पोराबाळांच्या पंगतीला बसले.

यंदा मात्र त्यांनी ध्यास घेतला. "माझ्यामागे हे निशिकांतच्या गळ्यात नको. आणि ते आजोबा बिचारे तरी किती ताटकळणार?" हृदयाच्या ऑपरेशननंतर त्यांचं विमान बंद. म्हणून शाळेच्या सुट्टीत नीता, तिचा नवरा निशिकांत आणि मुलगी कस्तुरी निघाले. तिथल्या लष्करी दफनभूमीत हिंदी शिपायांच्या नावांचा दगड होता. त्यापुढे दहीभात ठेवायचा. कावळा शिवला, की आजोबा सुटले.

नीता रॅफल्स प्लेसच्या बँकेत काम करणारी बाई. असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. बेट मात्र तिला फार आवडलं. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडायचे तेव्हा लोक खडक पोखरून जमिनीखाली राहायचे. तिथल्या ओलसर कोनाड्यांत अजून देवांच्या तसबिरी होत्या. वर रंगीत लाकडी सज्जे, आणि टोमॅटो चोळलेला, तेलात निथळणारा गोल पाव. कस्तुरीने तर दुसरं काही खाल्लंच नाही. शेवटी दफनभूमी. दगडावर रावजींचं नाव सापडलं, दहीभात ठेवला, आणि कावळ्याचा पत्ताच नाही!

"सांगून टाक शिवला म्हणून," निशिकांत आताही चहाच्या भांड्याशी येऊन कुजबुजला. "तेवढंच बाबांना समाधान. काय बिघडतंय?"

बिघडत तर काहीच नव्हतं. खोटं बोललं तर उद्या म्हातारा माणूस गरम जेवेल. खरं बोललं तर मरेपर्यंत गार पान. नीताने कप उचलला, बाहेर आली आणि म्हणाली, "नाही शिवला, बाबा. तिथे कावळा दिसलाच नाही."

कमलाकररावांचा चेहरा पडला. "मग?"

"बसून राहिलो. ऊन चढलं, भात सुकायला लागला. कस्तुरी म्हणाली, 'मम्मा, ही नॉट कमिंग लाह.' आणि माझं डोकंच फिरलं. मी त्या दगडाशी भांडले."

"भांडलीस? काय बोललीस?"

नीता ओशाळली. "म्हटलं, आजोबा, पुरे की आता! किती जणांना उपाशी ठेवणार? तुमचं तान्हं पोर मोठं झालं, मास्तर झालं, नातवंडं खेळवून सुखाने गेलं. त्याचा मुलगा माझा सासरा. हट्टी आहे, पण तुमच्यापायी गार जेवताना तुम्हाला कधी उणा शब्द बोलला नाही. जा आता सुखाने. आणि मग मलाच रडू फुटलं, बाबा. का ते देव जाणे."

"मग?"

"मग चिमण्या आल्या. थवाच्या थवा. शीतसुद्धा ठेवलं नाही. पण चिमण्याच त्या. कावळा नाही."

चहावर साय धरली. मग कमलाकररावांनी विचारलं, "पोर मोठं झालं, हे सांगितलंस त्यांना?"

"हो."

"आम्ही नुसती पानं वाढत राहिलो गं. एवढा निरोप द्यायचं कुणाला सुचलंच नाही." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि उठून खोलीत गेले. नीताला रात्री झोप लागली नाही. निशिकांत "तरी मी सांगत होतो" म्हणाला, त्यामुळे तर नाहीच.

पाडव्याला खिडकीत गुढी उभी राहिली. नीताने सवयीने पहिलं पान वाढलं. कमलाकरराव आले आणि सरळ त्या पानावर बसले.

"आजोबा, यू मस्ट वेट!" कस्तुरी ओरडली.

"का म्हणून? ज्यांची वाट बघायची, ते चिमण्यांबरोबर जेवून गेले. नीता, तव्यावरची आण."

नीताने फुगलेली पोळी पानात टाकली, वर तूप सोडलं. पहिल्याच घासाला त्यांची जीभ पोळली.

"हळू, बाबा!"

"गरम खायची सवय राहिली नाही गं," ते म्हणाले, आणि दुसरा घास मोडला.