पाल्याचं नाव

वनिता पान चुरगळून, डोळे मिटून, बोटं नाकाशी न्यायची, तेव्हा आश्विनातलं पिवळं ऊन तिच्या कपाळावर क्षणभर स्थिरावायचं आणि त्या तुरट, ओलसर गंधानं मुरबाडच्या कॉलेजातली आमची कोंदट प्रयोगशाळा मोकळी व्हायची. धसईच्याही पलीकडच्या डोंगरवाडीतून पहिल्या एसटीनं येणारी, वाडीतली पहिली एम.एस्सी. झालेली मुलगी. चालताना तिची चाहूल लागत नसे आणि बोलणं मोजकंच असे.

तिनं पीएच.डी. करावी हा हट्ट माझा, तिचा शिक्षक म्हणून. आई वाडीत झाडपाल्याची औषधं देते, मग तोच विषय घे म्हटलं आणि स्वतःच्या अकलेवर खूश झालो. कसली अक्कल, डोंबलाची.

पीएच.डी.च्या प्रवेश-मुलाखतीच्या दिवशी समितीत मार्गदर्शक म्हणून मीही बसलो होतो. समोर एक फांदी ठेवली. तिचं शास्त्रीय नाव, कुळ, फुलांची रचना वनितानं संथपणे, निर्दोष सांगितली. मग कुणीतरी विचारलं, तुमच्या वाडीत हे कशावर देतात? तिची मान खाली गेली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मी मनातून चरफडलो, बोल ना गो बाई. शेरा पडला, ‘विषयाची प्रत्यक्ष माहिती नाही’. त्याखाली माझीही सही आहे.

बाहेर व्हरांड्यात ती शांतपणे म्हणाली, “सर, रोग्याबिगर दुसऱ्याला औषध सांगितला का त्याचा गुन जातो. आयला शब्द दिलाय मी. मला वाटला, झाडाचाच विचारतील.”

“मग विषय घेतानाच का नाही बोललीस?”

“तुमी सर. तुमाला नाय कसा म्हनू?”

संताप आला, आणि तो सगळ्यात आधी स्वतःचाच. पाच वर्षं पेशी शिकवली, परागण शिकवलं; तुमच्यात काय विचारायचं नसतं, हे एकदाही विचारलं नाही. फेरमुलाखतीसाठी अर्ज केला. उत्तर आलं, प्रश्न सर्वांना सारखेच विचारले जातात. ती जागा मात्र त्या वर्षी रिकामी राहिली.

वनिता आता किन्हवलीकडच्या एका शाळेत तासिकेवर शिकवते. ऋतू येतात, जातात, नव्या मुली पहिल्या बाकावर बसतात. काळ पुढे सरकतो म्हणे. मी मात्र त्या खोलीतल्या खुर्चीतच आहे, आणि ‘हा प्रश्न मागे घ्या’ एवढं वाक्य मला अजून म्हणायचंच आहे.