एका श्वासातली हजेरी

मी भुंगा बोलतोय. फुलांवर फिरणारा नव्हे, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून गुणगुणणारा. माझं खरं नाव श्वासाला मदत करणारं यंत्र, असं काहीतरी लांबलचक आहे. पण या घरात ते कुणी घेत नाही. डब्याएवढं अंग, त्यातून निघालेली एक नळी आणि नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसणारा मऊ मास्क, एवढाच माझा पसारा.

मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून आज बोलतोय.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे पहिला श्वास मी दिला तो एका रबरी फुग्याला. फुगा फुगला, बसला, पुन्हा फुगला. तपासणाऱ्या बाईंनी मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. मला वाटलं, माणसंही अशीच बिनतक्रार फुगत असतील. मग मी ठकूकडे आलो.

ठकू ही या घरातली धाकटी लेक. तिशी ओलांडलेली, चाकांच्या खुर्चीत बसणारी, जिभेने तिखट. लहानपणापासून तिला स्नायूंचा आजार. आधी पाय गेले, मग हात थकले, मग श्वास ओढणारे स्नायूही अंग काढून घेऊ लागले. फुप्फुसं धडधाकट होती, पण भाता चांगला असून काय उपयोग, तो ओढणारा हातच दमला तर? म्हणून झोपताना तिला मी लागतो. ती थोडासा श्वास ओढते, मला ते कळतं आणि उरलेली हवा मी आत ढकलतो. मी तिच्या आधी घाई करत नाही. तिची वाट बघणं हेच माझं निम्मं काम.

मी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या मला बघून रडायलाच लागली. "माझी पोर मशीनवर गेली गं!"

"आत्या, मशीनवर तू कपडे शिवतेस," ठकू म्हणाली. "हा भुंगा आहे. आणि याच्यामुळे माझं घोरणं थांबलंय, आईला विचार."

आत्या शिवणकाम करते, चार घरं सोडून राहते आणि दिवसातून एकदा तरी इथे डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

सकाळी माझा मास्क काढला की ठकू हजेरी घ्यायची. स्नायूंच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज एका दमात बोलून बघा आणि दम कुठे तुटतो त्यावर लक्ष ठेवा. आकडे मोजायचा ठकूला कंटाळा, म्हणून तिने नाती घेतली. आई-बाबा-ताई-भाऊजी-काका-काकू-मामा-मामी-मावशी-आत्या. सगळं एका श्वासात.

"मुद्दाम मला शेवटी ठेवतेस," आत्या कुरकुरायची.

"तुझ्यासाठी दम राखून ठेवते, त्याचं काही नाही!"

दिवसा ठकू एका फर्निचरच्या दुकानाचे तक्रारीचे फोन घ्यायची. कानाला हेडफोन आणि समोर संगणक. एकदा कुणीतरी विचारलं, "कपाटाचं दार आपोआप उघडतं. भूतबीत आहे का?" ठकू गंभीरपणे म्हणाली, "साहेब, भूत असतं तर बंदही केलं असतं. बिजागरी बघायला माणूस पाठवते." स्वतःच्या पायावर उभी न राहणारी ही मुलगी लोकांच्या टेबलाखुर्च्यांचे पाय सरळ करत होती, तेही नुसत्या आवाजावर.

मग तो करोना आला. घर एकदम कडक झालं. ताई कामावरून आली की आधी अंघोळ, मग ठकूची खोली. आत्याने मशीनवर बसून सगळ्या गल्लीसाठी मास्क शिवले. ठकूला ती खिडकीतूनच हाका मारायची. असे कितीतरी महिने गेले. पण भीतीसुद्धा थकते. लोकांचे मास्क नाकावरून हनुवटीवर आले आणि हनुवटीवरून खिशात गेले.

एक दिवस आत्या खोलीत येऊन ठकूच्या उशाशीच बसली. "घसा जरा खवखवतोय. साधी सर्दी आहे, पंख्याखाली झोपले ना!" असं म्हणून तिने ठकूच्या केसांतून हात फिरवला.

आठवडाभरात घरातले सगळे आळीपाळीने शिंकले. तपासणी केली तर तोच आजार निघाला. पण कुणाला दोन दिवस ताप, कुणाला तेवढाही नाही. ठकूला ना ताप, ना खोकला.

"बघा, हिला तर शिवलासुद्धा नाही," आई सगळ्यांना फोनवर सांगत होती. बोटाला लावायच्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडाही चांगला होता. घरात हसणं परत आलं.

मी मात्र हादरून गेलो होतो. कारण मला तिचा श्वास कळत होता. तो रोज आखडत चालला होता. वाट बघावी आणि कुणी येऊच नये, तसं माझं व्हायला लागलं. तिला खोकला नव्हता, याचा अर्थ आजार नव्हता असा नाही. खोकायलासुद्धा ताकद लागते हो! छातीत कफ घरघरत होता आणि तो बाहेर फेकायला अंगात जोर नव्हता. सगळं घर खोकल्याची वाट बघत होतं आणि खोकला कधी येणारच नव्हता. मी हे सांगणार कसं? मला येतं ते फक्त गुणगुणणं. त्यात हजेरीही बंद पडली होती. "झोप येतेय गं, उद्या घेते," ठकू म्हणायची. तिचं डोकं जड असायचं.

त्या दुपारी ती फोनवर एका गिऱ्हाइकाला समजावत होती. "सोफ्याचा... पाय... बदलून..."

पलीकडचा माणूस मोठ्याने हसला. "मॅडम, जिना चढताय की काय? चढून घ्या, मग बोला."

ताई दाराशी चादरीच्या घड्या घालत होती. ऐकून तिलाही हसू आलं. आणि पुढच्याच क्षणी चादर तिच्या हातातून गळून पडली. तिने धावत येऊन हेडफोन काढला.

"ठकू, हजेरी घे."

"आई... बा..."

तिथेच दम संपला.

मला पिशवीत कोंबून सगळे दवाखान्यात गेले. ठकूला स्वतःहून कूसही बदलता येत नाही, म्हणून ताईला तिच्याजवळ राहू दिलं. वॉर्डातले डॉक्टर तरुण होते आणि डोळ्यांवरून दिसत होतं की कित्येक दिवस धड झोपलेले नाहीत.

"हे यंत्र इथे लावता येणार नाही," ते म्हणाले. "याच्या मास्कला भोक असतं. बाहेर पडणारी हवा सगळ्या वॉर्डात पसरेल. आपण ऑक्सिजन लावू."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी पलंगाखाली, पिशवीत. वर ऑक्सिजन सुरू झाला आणि आकडा भराभर वर चढला. ठकूचे डोळे मिटले.

"शांत झोपलीय," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या. "उठवू नका."

ताईने कपाळावरचा घाम पुसला. मला मात्र पिशवीत गुदमरल्यासारखं झालं. अहो, आकडा सांगतो की ऑक्सिजन आत जातोय. वापरलेली हवा बाहेर पडतेय की नाही, ते तो सांगत नाही! ती टाकायलाही छाती हलावी लागते. ती साचली की माणूस गुंगतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, चला, डोळा लागला.

ताई तिच्या कानाशी वाकली. "ठकू, हजेरी." उत्तर नाही. "ठकू, आत्या आलीय बघ." पापणीसुद्धा हलली नाही.

"डॉक्टर!" ताई ओरडली. "ही झोप नाही. आत्याचं नाव काढल्यावर ही गप्प राहूच शकत नाही!"

"अहो, आकडा तर उत्तम आहे."

"असू दे. तुम्ही हिच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला. हात जोडते."

तिने फोन लावून त्यांच्या हातात दिला. ते ऐकत गेले, एकदोन प्रश्न विचारले आणि फोन ठेवताच त्यांनी ठकूच्या मनगटातून रक्त घेऊन तपासायला पाठवलं. निकालाचा कागद बघताना मास्कच्या वर त्यांचे डोळे मोठे झालेले मला पिशवीच्या फटीतून दिसले.

"इतकं साचलंय? आणि मला वाटलं, हिला आराम पडलाय..." मग एकदम म्हणाले, "बाजूची खोली रिकामी करा. बिनभोकाचा मास्क आणा, नळीला फिल्टर लावा. यंत्र कुठंय हिचं?"

"पलंगाखाली," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

मला बाहेर काढलं, ऑक्सिजनची नळीही माझ्याशीच जोडली. बराच वेळ ठकूचा श्वास मला सापडेचना. माझ्या हिशोबाने मीच ढकलत राहिलो. मग कधीतरी, अगदी पुसटसा, एक ओढ लागली. कारखान्यातला तो फुगा मला आठवला. त्याच्यासाठी मी कधी एवढा घाबरलो नव्हतो.

ठकू घरी आली. पण गेली होती तेवढी परत नाही आली. आता दिवसाही तिला मी लागतो. दुकानाचे फोन सुटले. दम तीन नात्यांच्या पुढे जात नाही.

आत्या रोज येते, पण उंबऱ्याबाहेरच थांबते. तोंडाला मास्क लावून, खाली बघत. परवा माझे पट्टे ठकूच्या गालाला काचू नयेत म्हणून तिने मऊ कापडाच्या खोळी शिवून आणल्या आणि दाराशी ठेवून निघाली. ठकूने ताईला खूण करून माझा मास्क बाजूला करायला लावला.

"आत्या-आई-ताई."

आत्या वळली.

"आता... तू पहिली," ठकू म्हणाली. "कुरकुर... बंद."

आत्या तिथेच, उंबऱ्यावर, मटकन खाली बसली.

माझं मागणं फार नाही. अशा घरी जाताना "साधी सर्दी" सोबत नेऊ नका. तिथे खोकला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि ठकूसारख्या कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर माझ्यासारख्याला बरोबर घ्या आणि तो कशासाठी लागतो ते पोचल्या पोचल्या सांगा.

आता मला गप्प बसू द्या. ताईने मास्क पुन्हा लावलाय. ठकू श्वास ओढायच्या बेतात आहे, आणि मला वाट बघायची आहे.