सासऱ्यांनी निवडलेला विषय

रविवारी सकाळी महाल भागात गणपतरावांच्या घरी कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या तळणं चाललं होतं. देवकीबाई कढईसमोर उभ्या होत्या आणि त्यांची मुलगी रितिका वड्या भरून देत होती. रामदासपेठेतले व्याही येणार होते. रितिकाचं साक्षगंध दिवाळीनंतर उरकलं होतं आणि लग्न पदवीनंतर करायचं ठरलं होतं. होणारे सासरे चंपतराव निवृत्त इंजिनिअर. 'सुनेला आम्ही शिकू देतो,' हे वाक्य ते चारचौघांत अशा थाटात म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, युनिव्हर्सिटी यांनीच बांधून दिली.

रितिकाचं पहिलं वर्ष संपलं होतं आणि आता मुख्य विषय घ्यायचा होता. तिनं मानव्यविद्या आणि संवाद घ्यायचं ठरवलं. भाषा, इतिहास, समाजशास्त्र आणि माध्यमं एकत्र शिकवणारा हा विषय. त्यामागे एक प्रसंग होता. वर्गातल्या मुली पाहणीसाठी एका दवाखान्यात गेल्या होत्या. तिथं मौद्याकडच्या खेड्यातली एक बाळंतीण भेटली. गोळी 'उपाशीपोटी' घ्यायची, एवढंच तिला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून ती बिचारी दिवसदिवस उपाशी राहत होती आणि तिचं दूध आटलं होतं. रितिकानं शेजारी बसून सांगितलं, "सकाळी उठल्याबरोबर गोळी घ्याची वं माय, अन् मंग पोटभर जेवाचं." बाई तिचा हात धरून रडली. रितिकाचा विषय त्या दिवशीच ठरला.

पाहुणे आले. चंपतराव, त्यांच्या पत्नी जयवंताबाई आणि पुण्याहून सुट्टीवर आलेला मुलगा गौरांग.

"गणपतराव, हे काय ऐकून राहिलो मी?" चंपतराव दुसरी वडी उचलत म्हणाले. "पोरगी म्हणे आर्ट्स घेऊन राहिली."

"मानव्यविद्या आणि संवाद, काका," रितिका म्हणाली.

"संवाद म्हणजे बोलणं. बाईमाणसाले बोलणं शिकायले युनिव्हर्सिटी लागते काय?"

जयवंताबाई हसल्या. नवऱ्याच्या प्रत्येक विनोदाला हसायचं, एवढंच काम त्यांच्या संसारात त्यांच्या वाट्याला उरलं होतं आणि ते त्या चोख करत. "कॉम्प्युटर घे वं," त्या म्हणाल्या. "लोकांले सांगाले बरं वाटते. नोकरी थोडीच करायची आहे तुले."

रितिकानं त्या बाळंतिणीची गोष्ट सांगितली. चंपतरावांनी ती ऐकली, पण वडी खाता खाता. "म्हणजे कोणाची बायको काय खाते, हे विचारत फिरणार आमची सून?"

तिनं गौरांगकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं आहे?"

कंपनीत परदेशी साहेबांना सल्ले देणारा हा तरुण सोफ्यावर आणखी आत सरकला. "मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही. पण बाबा म्हणतात ते घे ना आत्ता. नंतर पाहू."

"नंतर काहून?" चंपतराव म्हणाले. "विषय बदलवत असाल तर ठीक. नाही तर आमाले दुसरं घर पाहावं लागेल."

गणपतराव उठले. हार्डवेअरच्या दुकानात कोणाचा वरचा आवाज खपवून न घेणारा हा माणूस; त्यानं दोन्ही हात जोडले. "लहान आहे, समजत नाही तिले. मी बदलवतो. रितिका, माफी माग."

विषयाचा अपमान रितिकानं गिळला असता. बापाचे ते जोडलेले हात मात्र तिला पाहवेनात.

"बाबा, हात खाली करा," ती म्हणाली. मग चंपतरावांकडे वळली. "काका, तुम्ही दुसरं घर पाहा. आज माझा विषय तुम्ही निवडला, तर उद्या मी कोणाशी बोलायचं, हेही तुम्हीच निवडाल. मले हे लग्न करायचं नाही."

पाहुणे उठले. देवकीबाईंनी त्यांच्यासाठी वड्यांचा डबा भरून ठेवला होता. जाताना जयवंताबाईंनी तो आठवणीनं उचलला. सोयरीक नाकारली म्हणून खाणं नाकारायचं, इतका मानी स्वभाव त्या घराचा नव्हता.

गणपतराव कित्येक दिवस लेकीशी बोलले नाहीत. नातेवाईक सुतकात भेटायला यावेत तसे येत आणि "इतकं शिकवलंच काहून?" असं विचारून चहा पिऊन जात. एका सकाळी रितिका वर्गाला निघाली, तेव्हा देवकीबाईंनी तिच्या हातात टिफिन दिला आणि हळूच विचारलं, "त्या बाईले दूध आलं काय मंग?"

"आलं."

"मंग जा तू," देवकीबाई म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात गौरांगचं लग्न झालं. मुलगी अकोल्याची, कॉम्प्युटर इंजिनिअर. पत्रिकेत तिच्या नावापुढे पदवी सोनेरी अक्षरांत छापली होती. लग्नाआधी तिला नोकरी सोडायला लावली होती, कारण 'आमच्या घरी गरज नाही'. लॉन गच्च भरलं होतं. डॉक्टर, प्राध्यापक, वकील, सगळे आले होते. गणपतरावही आहेर घेऊन गेले. सून शिकलेली आहे, असं कौतुक जो तो करत होता. बाई, तुझी नोकरी काहून सुटली, असं त्या मुलीला एकानंही विचारलं नाही. जेवण उत्तम होतं, हे मात्र घरी परतताना प्रत्येकानं सांगितलं.