गच्चीवरचा पाहुणा

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणूनच सांगतो," असं म्हणत पांदेलीसने आपली खुर्ची तुतीच्या बुंध्याला टेकवली. ग्रीसमधल्या लारिसा शहराच्या त्या गल्लीत संध्याकाळी अंगणांवर आणि पायऱ्यांवर पाणी मारून झालं की सगळ्यांच्या खुर्च्या तीन तुतींखाली येतात, आणि ऐकणाऱ्यांत कुणी नवखा असला की पांदेलीसला चेव चढतो. आजचा नवखा होता स्त्रातोस, कोपऱ्यावरच्या घरात नुकताच राहायला आलेला. पांदेलीसची बायको आंथी शेजारीच मांडीवर परात घेऊन शेंगा सोलत होती.

दोन उन्हाळ्यांपूर्वी, पांदेलीस सांगू लागला, आपण एका उपग्रहाला या गल्लीत पाहुणा म्हणून बोलावलं होतं.

झालं होतं असं की या तुती तोडून तिथे गाड्या लावायची सोय करायचं नगरपालिकेच्या मनात आलं. बाकीच्यांना सावलीचं वाईट वाटलं. पांदेलीसची मात्र झोपच उडाली. आंथीचं हृदय अधू. तिला उष्णता बाधू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि जुलैत घर म्हणजे पेटलेली भट्टी. तुतीखालची खुर्ची गेली की आंथीही गेली, इतकी सरळ गोष्ट.

त्यात भर घातली ती त्याच्याच भाचीने. क्लिओ विद्यापीठात होती आणि उपग्रहाने टिपलेल्या उष्णतेवरून शहराचे नकाशे बनवायची. गार भाग निळा, तापलेला लाल. नगरपालिकेने तिचाच नकाशा पुढे केला. त्यात ही गल्ली भाजलेल्या जिभेसारखी लालभडक. झाडं असूनही गारवा नसेल, तर ती ठेवायची कशाला, असं साहेबलोकांचं म्हणणं पडलं.

पांदेलीस भाचीवर उखडला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं त्याने तिला तोंडावर ऐकवलं. तिने मामाचा राग निवू दिला आणि मग समजावलं. उपग्रह इतक्या उंचावरून जातो की फुटबॉलच्या अख्ख्या मैदानाएवढ्या जागेला तो एकच आकडा देतो. त्यात तीन झाडं विरघळून जातात, उरतात त्या भोवतालच्या वीस करड्या गच्च्या. शिवाय तो येतो भर दुपारी, आणि तुमचं पाणी मारणं संध्याकाळी.

"मग त्या मेल्याला दिसतं तरी काय?"

"गच्च्या, मामा. नुसत्या गच्च्या."

पांदेलीस विचारात पडला. दर वर्षी ईस्टरच्या आधी सगळी गल्ली चुन्याच्या बादल्या घेऊन बाहेर पडते. उंबरे, पायऱ्या, कुंड्या, झाडांचे बुंधे, सगळं डोळे दुखतील इतकं पांढरं होतं. पाहुण्यांनी नावं ठेवायला नकोत. गच्चीला मात्र कधी कुणी कुंचला लावला नव्हता. वर कोण बघायला येतंय, असं सगळ्यांच्या आया सांगत आलेल्या. आणि इथे एक पाहुणा दर आठ दिवसांनी डोक्यावरून जातोय आणि त्याला आपण नेमकी मळकी बाजू दाखवतोय.

त्याने ते बोलून दाखवलं तेव्हा क्लिओ हसली नाही. पांढऱ्या गच्चीखालचं घर खरंच कमी तापतं, असं ती म्हणाली. तुतींचा निकाल लागण्याआधी जुलैचा नवा नकाशा नगरपालिकेच्या सभेपुढे जायचा होता. तिने पाहुण्याच्या येण्याचा दिवस सांगितला.

इथून पुढे पांदेलीसचा आवाज चढला. पंच्याहत्तराव्या वर्षी, एकट्याने, दोन दिवसांत, वीसच्या वीस गच्च्या रंगवल्या. शिडी हलवण्यात वेळ नको म्हणून या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारल्या. इतकं पांढरं झालं की नदीकाठचे करकोचे बर्फ पडला समजून पाय गार करायला उतरले. उपग्रहाचे तर डोळेच दिपले. तो वर अडखळला, चार पावलं मागे आला, पुन्हा बघून गेला. नवीन नकाशात गल्ली निळीशार. खात्री करायला आलेले साहेबलोक अंगात कोट घालून आले. तुती वाचल्या.

"उपग्रह मागे आला?" स्त्रातोसने विचारलं.

"आला."

"आणि करकोचे?"

"सतरा होते. मोजले मी."

आंथीने परात खाली ठेवली.

"करकोच्यांचं राहू दे," ती स्त्रातोसला म्हणाली. "उपग्रहाचंही राहू दे, तो काही साक्षीला यायचा नाही. पण गच्च्या याने रंगवल्या, हे साफ खोटं. त्या क्लिओने आणि गल्लीतल्या बायकांनी रंगवल्या. हा शिडीची पहिली पायरीसुद्धा चढला नाही. ते दोन्ही दिवस माझ्या उशाशी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होता आणि माझ्या पायांवरचं ओलं फडकं बदलत होता. खोटारडा कुठला."