एका ओळीत सात हुकूम

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जानेफळच्या एका कृषी केंद्रात टेबलावर बसलेलो असतो आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. हा गोड गोड बोलेल असं समजून बसला असाल तर आत्ताच उठा.

माझे भाग कुठे कुठे घडले ते मला ठाऊक नाही. खामगावच्या एका दुकानात मला जोडलं, झाकण ठोकलं आणि कृषी केंद्राचा मालक गोकुळ याने मला मांडीवर घेऊन एसटीने आणलं. त्याच्या बायकोने, प्रेरणाने, हळदकुंकू लावलं. "पाहा भाऊ, कसं झकास मशीन आनलं!" असं गोकुळ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. आठ वर्षं मी त्याची बिलं छापली, बियाण्याचा साठा सांभाळला. कौतुक मात्र पहिले सहा महिनेच झालं. मग माझ्या डोक्यावर औषधांची खोकी आली.

गेल्या वर्षी गोकुळला ट्रॅक्टर शर्यतीच्या गेमचा नाद लागला. गेम माझ्या ताकदीला जरा जड होता, पण मी ओढत होतो. वळणावर थोडा अडखळायचो, एवढंच. त्यावर या शहाण्याने इलाज शोधला. गेम सुरू होतानाच त्याला काही हुकूम देता येतात, त्यासाठी लाँच सेटिंगमध्ये एक रकाना असतो. गोकुळने सात व्हिडिओ पाहिले आणि प्रत्येकातला एकेक हुकूम उचलून त्या रकान्यात एका ओळीत कोंबला. एक म्हणे, आठ कोर, म्हणजे आठ मेंदू, वापर. अहो, मला आहेतच दोन! दुसरा म्हणे, आठ जीबी मेमरी घे. माझ्याकडे चार! तिसरा म्हणे, सगळं सोडून आधी गेमचंच काम कर. मग माउस आणि कीबोर्डकडे बघायला मला सवडच उरली नाही. ट्रॅक्टर जागच्या जागी थिजला.

आणि दोष कुणाला? मला! "काऊन बे, अटकून राह्यलं?" म्हणत त्याने माझ्या पाठीत थापड घातली. एकदा नाही, रोज. शेवटी त्याने भंगारवाल्याला फोन केला, "बाजाराच्या दिवशी टेम्पो आन. हा डबा घेऊन जाय." डबा! आठ वर्षं राबलेल्याला डबा म्हणताना याची जीभ झडली कशी नाही? मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त संताप आला.

बाजाराच्या दिवशी सकाळीच आमचे नेहमीचे गिऱ्हाईक, शेतकरी उकंडराव, तणतणत दुकानात आले. हातात सोयाबीनचं करपलेलं झाड. "गोकुळ, तुह्या सांगन्यावरून चार औषधं एकाच पंपात कालवली. पाह्य, पानं कशी जळली!"

ही गोकुळची जुनी खोड. अळीचं, बुरशीचं, वरून टॉनिक, सगळं एकाच फवाऱ्यात मारा म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. आता मात्र तो ते झाड उलटसुलट करून पाहू लागला.

प्रेरणा मागे खोकी लावत होती. तिने हातातलं खोकं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "अवो, तुमी त्या गेमातही असंच कालवलं काय?"

"त्यातलं तुले काय समजते?"

"नसंन समजत. पाहू तर द्या."

तिने रकाना उघडला, सातही हुकूम वाचले आणि कपाळाला हात लावला. सगळी ओळ पुसून टाकली. मला बंद करून झाकण उघडलं आणि पंख्यावर साचलेली औषधांची भुकटी ब्रशने झाडली. मग पुन्हा चालू करून रकान्यात एकच हुकूम लिहिला, चित्र लहान ठेव. ट्रॅक्टर सुरकन वळणावरून निघून गेला. गोकुळने तिला उठवलं आणि हावऱ्यासारखा खेळायला बसला.

तेवढ्यात टेम्पो आला. "जाय बापा, आता नाई द्याचं," गोकुळ मान न वळवता म्हणाला.

टेम्पोवाला भडकला. "मंग बोलावलं काऊन? खराब हाये म्हने ना?"

गोकुळ खेळतच राहिला. प्रेरणाने हात पुढे करून माझा पडदा बंद केला. "सांगा ना त्याले, कोनं खराब केलं थे."

सगळे बघत होते. गोकुळने मान खाली घातली. "मशीन चांगलं हाये. म्याच बिघडवलं होतं." मग उकंडरावांकडे न पाहताच तो पुटपुटला, "आन काका, तुमचं सोयाबीनही."

वाचलो मी, मित्रांनो. पण त्याला माफ केलेलं नाही. तुमच्या घरात कुणी माझ्यासारखा अडखळत असेल, तर थापड मारण्याआधी आपण काय लिहून ठेवलंय ते वाचा. एका वेळी एकच बदल करा आणि समजत नसेल तर लाज सोडून विचारा. माझं काय, ओळ पुसली आणि मी पुन्हा चालू लागलो. उकंडरावांचं सोयाबीन मात्र यंदा परत हिरवं होणार नाही.