दिवसाउजेडीची घागर

भिलाईच्या कॅम्प-एकमधील मजुरांच्या घरांच्या त्या ओळीत मनकर्णेच्या पुत्राची पाचवी पूजायला एकही बाई आली नाही. कारण सर्वांना ठाऊक होते. परांचीवरून पडून मरण पावलेल्या नत्थू नावाच्या मजुराला खांदा द्यायला त्याच्या जातीचे, गावाचे कोणीच नव्हते. तेव्हा मनकर्णेचा नवरा देवाजी पुढे झाला होता. परजातीच्या प्रेताला खांदा दिला म्हणून पंचांनी ते घर वाळीत टाकले. बारशाच्या आत देवाजीने पंचांच्या पायाशी टोपी ठेवून चूक कबूल करावी, तोवर त्या घरचे पाणीही कोणी प्यायचे नाही, असा निर्णय झाला.

बाळंतिणीचे अंग अजून सावरले नव्हते. देवाजी पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या बांधकामावर पहाटेच निघून जाई आणि नळाला पाणी येई ते त्यानंतर. तथापि पाचवीच्या दुसऱ्याच सकाळी तिने दार उघडले, तो उंबऱ्याशी भरलेली घागर! तिच्यावर पळसाच्या पानात बांधलेला, अजून उबदार असा भाजलेला ओवा. त्याच्या पुढच्या दिवशी कोणीतरी बाळोती धुऊन तिच्याच दोरीवर वाळत घातली होती. त्या दिवशी मनकर्णेने बाळाला पहिल्यांदा अंगाई म्हटली.

एका सकाळी ती दाराआड टपून बसली. पदरात तोंड झाकून घागर ठेवणारी बाई म्हणजे पंचांचे प्रमुख नरहरी यांची पत्नी निघाली.

"अवं भागाकाकी! तुमी?"

"हळू बोल वं. मी आलीच नाही, तू पायलंच नाही."

"डोळे हायेत मले, काकी." मनकर्णेची मान ताठच राहिली. "तुमच्या घागरीनं मले उभं ठेवलं. हे मी मरेपर्यंत नाही विसरनार. पन आता आनू नका. आमी काही चोरी नाही केली, तं चोरून पानी कावून प्यावं? द्याचं असन तं दिवसाउजेडी द्या."

"माहा नवरा कोन हाय, मालूम हाय ना तुले?"

"मालूम हाय. म्हनूनच म्हनून राहिली."

भागाबाई पदर सावरून वळली. त्यानंतर घागर आली नाही. मनकर्णा भिंतीचा आधार घेत स्वतः नळावर जाऊ लागली.

बारशाचा दिवस उजाडला. कारखान्यासाठी रशियातून आलेल्या यंत्रांच्या टाकून दिलेल्या खोक्यांच्या फळ्या जोडून देवाजीने पाळणा केला होता. त्यावरची रशियन अक्षरे तशीच होती. दुपारी नरहरी दारात येऊन उभे राहिले.

"देवाजी, टोपी काढ. सारी ओळ येते बारशाले. पोराले पाळन्याखालून द्याले एक बाई लागते, वरून घ्याले दुसरी. दुसरी कोठून आनशीन?"

देवाजीने बायकोच्या थकल्या चेहऱ्याकडे पाहिले. त्याचा हात नकळत टोपीकडे गेला.

"हात खाली घ्या," मनकर्णा म्हणाली. मग ती नरहरींकडे वळली. "नत्थूच्या मयतीत ही टोपी उतरली होती, नरहरीजी. आता कोनासाठी नाही उतरनार. पल्याड कोनी नसन तं मी एकटीच देईन अन् एकटीच घेईन."

तेवढ्यात बाहेर कुजबुज झाली. भर उन्हात, नळापासून ओळीच्या टोकापर्यंत, साऱ्या उघड्या दारांसमोरून भागाबाई येत होती. डोक्यावर भरलेली घागर होती आणि तोंडावर पदर नव्हता.

"भागे! मांगं फिर!"

"फिरतो ना. बारसं झालं का फिरतो. सयपाक करून ठेवला हाय, वाढून घ्या."

तिने घागर आत ठेवली, त्याच घरचा तांब्या त्याच घागरीत बुडवला आणि नवऱ्याच्या देखत घटाघटा पाणी प्यायली. मग ती पाळण्यापलीकडे जाऊन उभी राहिली. मनकर्णेने बाळ खालून दिले. भागाबाईने ते वरून घेतले.

"कानात काय सांगू वं?"

"नत्थू."

नरहरींच्या कपाळावरची शीर ताठ झाली. भागाबाईने बाळ छातीशी धरले. बारशाला नाव बाळाच्या कानात हलकेच सांगायचे असते. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेले आणि नळावरच्या बायकांनाही ऐकू जावे इतक्या खणखणीत आवाजात ते नाव सांगितले.